टायर पुन्हा पुन्हा चिकट होतात, स्टँडला चिकटून बसतात : डायकास्ट मॉडेलवाल्यांची जुनी डोकेदुखी आणि ती थांबवायची कशी

शोकेसमधून मॉडेल काढायला गेलात आणि टायर बोटाला चिकचिकीत लागले, पुसले, परत ठेवले, तीनचार महिन्यांनी बघितलं तर परत तेच, किंवा त्याहून वाईट म्हणजे गाडी उचलताना टायर खालच्या काळ्या प्लास्टिकच्या बेसला असे धरून बसलेले की ओढलं तर काहीतरी तुटणार, हे ज्यांच्या बाबतीत होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी यात बरीच वर्षं चुकीच्या दिशेने मेहनत केली. आता दोन वर्षं झाली, एकही टायर चिकटलेला नाही, त्यामुळे काय केलं ते सगळं नीट सांगतो.

सुरुवात झाली ती १:४३ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या भागाएवढ्या, पोर्शे ९१७ पासून. १९७० ची ले मॉं ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकणारी गाडी, लाल-पांढरी, २३ नंबरची, हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूडची, पोर्शेचा तिथला पहिला एकंदर विजय. माझ्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं मॉडेल. साफसफाईसाठी खालचे दोन स्क्रू काढले आणि गाडी वर उचलली तर उचलली जाईना. थोडा जोर लावला, ‘टच्च’ असा बारीक आवाज आला आणि मागचा उजवा टायर बेसवरून सुटला, पण टायरचा नखाएवढा पापुद्रा बेसवरच राहिला. बेसवर बघितलं तर चार खड्डे, मागचे दोन रुंद, पुढचे दोन अरुंद, कडा वितळल्यासारख्या वर आलेल्या आणि खड्ड्याच्या तळाशी टायरच्या बाजूचा ठसा अगदी रेषेसकट उमटलेला, जणू ओल्या मातीत कोणी चाक दाबून ठेवलंय. ते बघून खरंच पोटात गोळा आला होता.

तेव्हा वाटलं की धूळ, हाताचं तेल, दमट हवा यातलं काहीतरी असणार. म्हणून कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून टायर पुसले, छान कोरडे झाले, गाडी परत जागेवर. चार महिन्यांनी ये रे माझ्या मागल्या. मग अल्कोहोलने पुसले, ते तर जास्तच छान झाले, पण सहा महिन्यांत परत चिकट, आणि त्या नादात टिरेल पी३४ च्या टायरवरची गुडइयरची अक्षरं पुसली गेली. ही १९७६ ची सहा चाकांची फॉर्म्युला वन गाडी, पुढे चार छोटी चाकं, स्वीडनच्या शर्यतीत पहिला आणि दुसरा नंबर याच गाड्यांनी काढला होता. मॉडेलवर त्या इवल्याशा पुढच्या टायरवरची अक्षरं डोळ्याला भिंग लावल्याशिवाय दिसत नाहीत, आणि माझ्या कापसाच्या काडीने ती एका फिरकीत साफ केली. काडीचं टोक पिवळसर झालेलं दिसलं तेव्हा कळलं. अक्षरं छापायची शाई आणि अल्कोहोल यांचं जमत नाही, हे आधी कोणीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

त्यानंतर टाल्कम पावडर. पावडर लावली की दोन दिवस हाताला काही लागत नाही आणि वाटतं जिंकलो. पण पावडर तो ओलावा शोषून घेते आणि तिचा लगदा होतो, ट्रेडच्या खाचांत पांढरट रेघा दिसायला लागतात, आणि चिकटपणा खालून परत येतोच. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललं होतं.

मुळात हे काय आहे

तो चिकट थर बाहेरून आलेली घाण नाहीये, तो टायरच्या आतून येतोय. बहुतेक मॉडेलचे काळे मऊ टायर खऱ्या रबराचे नसतात, ते मऊ केलेल्या पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याचे पाइप असतात तसं. त्याला रबरासारखं मऊ करायला त्यात तेलासारखा एक द्रव मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात, बऱ्याचदा थॅलेट जातीचा. हा द्रव पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता त्याच्या साखळ्यांच्या मध्ये शिरून बसलेला असतो. त्यामुळे काळ जातो तसा तो हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. उष्णता असेल तर लवकर येतो, दाब असेल तर दाबलेल्या जागी जास्त येतो, आणि शेजारी त्याला ओढून घेणारं दुसरं प्लास्टिक असेल तर सरळ त्यात शिरतो.

आणि इथेच बेसची गोष्ट येते. स्वस्त डिस्प्ले बेस आणि डबे बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचे असतात. पॉलिस्टायरीनला हा द्रव म्हणजे जवळपास सॉल्व्हंटच. द्रव आत शिरला की प्लास्टिक मऊ पडतं, वरून गाडीचं वजन आहेच, टायर आत रुतत जातो आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्यासारखे होतात. म्हणून तो खड्डा वितळल्यासारखा दिसतो. तापून वितळलेला नसतो, विरघळलेला असतो. थर्माकोलच्या शीटवर मऊ पीव्हीसीची वायर वर्षभर पडून राहिली की वायरच्या आकाराचा खड्डा पडतो, ते कोणी पाहिलं असेल तर हा तोच प्रकार.

आता कळेल की नुसतं पुसून का भागत नाही. पुसलं की वर आलेला थर जातो, आतला साठा तसाच असतो, तो परत वर येतो. अल्कोहोलने तर उलट आतला द्रव अजून ओढला जातो, टायर तात्पुरता कोरडा पण पुढे कडक होतो. माझं आता ठाम मत आहे की टायरचा चिकटपणा सतत पुसत बसणं हा उपाय नाही. टायरला कशाला टेकू देतोय, त्याच्यावर किती वजन टाकतोय आणि तो किती गरम जागेत आहे, या तीन गोष्टी बदलल्या की खेळ संपतो. साफ करणं हे त्याआधीचं एकदाचं काम.

आधी खात्री करून घ्या की हाच प्रॉब्लेम आहे

सोपी चाचणी आहे. साधा पांढरा कोरा कागद घ्या, त्याचे छोटे चौकोन कापा आणि गाडीच्या चारही टायरखाली एकेक ठेवा, गाडी नेहमीच्या जागी उभी करा. दोन आठवड्यांनी कागद उजेडासमोर धरा. टायर टेकले होते तिथे तेलकट, पारदर्शक डाग दिसला तर प्लास्टिसायझर बाहेर येतोय. मी प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलने गाडीचं नाव, तारीख आणि कुठलं चाक ते लिहून ठेवतो, कारण सगळे टायर सारखे नसतात, एकाच गाडीचे मागचे टायर घाम सोडतात आणि पुढचे ठणठणीत, असंही बघितलंय. डाग नसेल आणि तरी चिकट लागत असेल तर बहुधा आधी कोणीतरी टायर चमकवायचा स्प्रे मारलाय, तो एकदा साबणाने धुतला की परत येणार नाही.

जुन्या खेळण्यांच्या गाड्यांचं वेगळं असतं. १९३४ पासून डिंकी टॉइज या नावाने गाड्या यायला लागल्या, त्या काळच्या मॉडेलवर खरे रबराचे टायर असायचे. खरं रबर म्हातारं होतं तेव्हा कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात, जमिनीला टेकलेली बाजू चपटी होते. तिथे हे खाली सांगितलेलं सगळं करायची गरज नाही, वजन काढलं आणि उन्हापासून लांब ठेवलं तरी पुरे. अजून एक, काही मॉडेलच्या आतल्या डॅशबोर्डवर किंवा सीटवर मऊ स्पर्शाचा रंग असतो, तो चिकट होतो तो त्या रंगाचा स्वतःचा आजार आहे, टायरशी त्याचा संबंध नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो कारण लोक दोन्हीची गल्लत करतात. बॉडीच्या रंगाला फोड आलेत, धातूवर केसासारख्या चिरा आहेत, दार पूर्वी बसायचं ते आता बसत नाही, असं असेल तर टायर विसरा, तो झिंक पेस्ट असू शकतो, म्हणजे जस्ताच्या धातूला आतून लागलेली कीड. डायकास्ट म्हणजे बहुतेक वेळा झामाक, जस्ताचा मिश्रधातू, त्यात अंदाजे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं. हा मिश्रधातू न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये आणला आणि त्यासाठी ९९.९९ टक्के शुद्ध जस्त लागायचं, कारण शिसं अगदी चिमूटभर जरी राहिलं तरी धातूच्या कणांच्या सीमांवर गंज आतून पसरतो आणि वस्तू फुगते, वाकते, शेवटी हातात भुगा होतो. युद्धापूर्वीच्या पुष्कळ डिंकी अशाच गेल्या. तो एका गाडीकडून दुसरीला लागत नाही, गाडी ओतली तेव्हाच तो आत असतो, आणि बरा होत नाही, कोरड्या थंड जागेत ठेवून वेग कमी करता येतो एवढंच. त्यामुळे फोड आलेली गाडी बघून टायर धुवायला घेऊ नका.

माझ्याकडे नेमकं कुठे होत होतं

कागदाची चाचणी सगळ्या शोकेसला लावली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी मी इतकी वर्षं बघूनही बघितली नव्हती. वरच्या कप्प्यातल्या अकरा गाड्यांपैकी नऊंच्या कागदांवर डाग, खालच्या दोन कप्प्यांत मिळून फक्त तीन. वरच्या कप्प्यात दिवा होता. छोटा, पिवळा, मॉडेलच्या रंगावर सुंदर चमक आणणारा, मी मुद्दाम लावलेला. साधा थर्मामीटर घेऊन दोन्ही कप्प्यांत एकेक संध्याकाळ ठेवला, वरचा कप्पा सात अंश जास्त गरम निघाला. रोज चार तास. काच बंद. म्हणजे ज्या गाड्या मला सगळ्यात प्रिय म्हणून वर ठेवल्या होत्या त्यांनाच मी रोज संध्याकाळी शेकत होतो.

तो दिवा काढला. आता उजेड बाहेरून येतो, एलईडी पट्टी आहे पण काचेच्या बाहेर, आणि तिचा अ‍ॅडॉप्टर शोकेसच्या मागे लटकवलाय, आत नाही, कारण एलईडी स्वतः फार तापत नसली तरी अ‍ॅडॉप्टर तापतो हे बरेच जण विसरतात. तुमची शोकेस ज्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं तिथे असेल तर तीही हलवा, खिडकीसमोर तर नकोच.

दुसरी खूण म्हणजे काचेवर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या झाकणावर आतून बसणारा धूसर थर. खऱ्या नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो तेलकट धुरकटपणा येतो तोच. प्लास्टिकमधले द्रव उडून काचेवर बसतात. माझ्या दोन बंद डब्यांच्या झाकणांवर तो होता आणि त्याच दोन गाड्यांचे टायर सगळ्यात वाईट होते. झाकण आतून बोटाने पुसून बघा, बोटाची रेघ उमटली तर त्या डब्यातली गाडी आधी हातात घ्या.

चिकटलेली गाडी सोडवायची कशी

ओढू नका. हे एवढं एक ऐकलंत तरी पुष्कळ. टायर फाटतो नाहीतर चाकाचा बारीक आस वाकतो, आणि १:४३ मध्ये आस वाकला की गाडी कायमची एका बाजूला लंगडी उभी राहते.

आधी बेस उलटा करून स्क्रू पूर्ण काढा, गाडीला दुसऱ्या हाताचा आधार देऊन. मग दात साफ करायचा फ्लॉसचा धागा घ्या, मेण नसलेला, तो टायर आणि बेसच्या मध्ये कडेने घुसवा आणि करवतीसारखा पुढे-मागे हळू चालवा. बेसला चिकटून ठेवायचा, टायरकडे कलू द्यायचा नाही. एका चाकाला मला सात-आठ मिनिटं लागतात. चाकं फिरणारी असतील तर मध्ये मध्ये गाडी अगदी किंचित पुढे लोटून बघा, बेसमधल्या खड्ड्याची मागची कड सुटली की टायर गोल फिरत वर येतो. खोली गार असेल त्या वेळी हे काम सोपं जातं, कारण गार झाल्यावर पीव्हीसी घट्ट होतं आणि कमी चिकटतं. फ्रीजमध्ये गाडी ठेवायचा सल्ला पण फिरतो, मला तो पटत नाही, बाहेर काढल्यावर धातूवर पाणी धरतं आणि ते रंगाच्या कडांखाली, डेकलच्या, म्हणजे पातळ स्टिकरच्या, खाली जातं. हेअर ड्रायर तर अजिबात नको, गरम केलं की परत तेच सगळं वेगाने सुरू.

टायरचा तुकडा बेसवर राहिलाच तर तो फेकू नका, सावकाश प्लास्टिकच्या पट्टीने सोडवून पाकिटात ठेवा. माझ्या ९१७ चा तो पापुद्रा मी नंतर सायनोअ‍ॅक्रिलेटच्या म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या टोचणीएवढ्या थेंबाने परत बसवला, मागच्या बाजूला असल्यामुळे समोरून दिसतही नाही.

साफ करायचं एकदाच, पण नीट

१:१८ मध्ये बऱ्याचदा टायर रिमवरून हाताने काढता येतो. जोर लावण्याआधी ते चाक कोमट पाण्यात, साधारण ४० अंश, दोन मिनिटं बुडवा, टायर लवचीक होतो. जुना कडक झालेला टायर कोरडा ओढला तर हमखास फाटतो. टायर सुटे झाले की साबणाच्या पाण्यात मऊ दातांच्या ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, कागदावर एक दिवस वाळू द्या. रिम पण आतून पुसा, कारण तो द्रव रिमच्या प्लास्टिकमध्ये पण जातो, क्रोमचा मुलामा सुटतो तो बऱ्याचदा त्यामुळेच.

टायर निघत नसतील तर पूर्ण गाडी पाण्यात बुडवू नका. आतले स्टीलचे आस आणि स्प्रिंग गंजतात आणि पाण्याचे थेंब दिव्यांच्या मागे अडकतात. कापसाची काडी साबणाच्या पाण्यात बुडवून पिळायची, चाक फिरवत पुसायचं, मग साध्या पाण्याची काडी, मग कोरडी. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, अक्षरं असतील तर तिथे न घासता नुसतं टेकवून टिपायचं, जमिनीला लागणारा भाग मात्र मोकळेपणाने घासा. अल्कोहोल फक्त बिनअक्षरांच्या टायरला आणि तेही नाइलाज असेल तरच. अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यातलं काहीही नको, रंगही जाईल आणि प्लास्टिकही. टायर काळे कुळकुळीत करणारे सिलिकॉनचे स्प्रे पण नको. माझ्या मते शर्यतीच्या गाडीचा स्लिक, म्हणजे बिनखाचांचा, टायर थोडा मॅट दिसला तरच तो खरा वाटतो, ले मॉंच्या चोवीस तासांनंतर कुठला टायर चमकतो?

पावडर लावायचीच असेल तर ती आत्ता, धुऊन वाळल्यावर, ब्रशने अगदी पुसट, आणि जास्तीची झटकून टाकायची. तीही मी फक्त साध्या रस्त्यावरच्या गाड्यांना लावतो. स्लिकवर पावडर राखाडी डागासारखी दिसते.

आता खरा उपाय, वजन आणि स्पर्श

सगळ्यात चांगलं म्हणजे गाडी टायरवर उभीच राहायला नको. पोटाखाली आधार द्या, दोन्ही आसांच्या मध्ये, इतकाच उंच की टायर बेसपासून एखादा मिलिमीटर वर राहतील. समोरून बघणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही, कारण आपण गाडी थोडी वरूनच बघतो आणि टायरखालची सावली फट झाकते. १:१८ ला हे सगळ्यात गरजेचं, कारण धातूची १:१८ गाडी एक किलोच्या आसपास भरू शकते आणि ते सगळं वजन चार छोट्या पट्ट्यांवर येतं. ज्यात सस्पेन्शन चालतं त्यांच्या स्प्रिंगलाही त्याने आराम मिळतो.

आधार कशाचा करायचा यात मी बराच गोंधळ घातला. रबराचे ठोकळे लावले, त्यांनीच चेसिसवर डाग पाडले. ताज्या लाकडाचे तुकडे लावले, मग कळलं की लाकडातून, खासकरून ओक आणि दाबलेल्या लाकडी शीटमधून, आम्लाची वाफ निघत राहते आणि बंद शोकेसमध्ये ती जस्ताला आणि शिशाला दोघांना त्रास देते. ज्यांच्याकडे व्हाइट मेटलची, म्हणजे शिसं असलेल्या मऊ मिश्रधातूची, हाताने जोडलेली जुनी किट आहेत त्यांनी तर बंद लाकडी कपाटाबद्दल नीट विचार करावा, शिशावर पांढरी भुकटी येते ती याच कारणाने. आता मी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचे छोटे तुकडे वापरतो, कडा घासून गुळगुळीत केलेल्या आणि वर पॉलिएस्टर फिल्मची चकती, म्हणजे धातूवर धातू घासत नाही.

१:४३ आणि १:६४ ला प्रत्येकाखाली ठोकळा लावणं जमत नाही, तिथे मी टायरखाली पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म ठेवतो, ८ मिलिमीटरचे चौकोन, टायरच्या रुंदीत लपतात. पॉलिएस्टर म्हणजे पेट, हा द्रव त्यात सहज शिरत नाही. किंवा सरळ काचेचा कप्पा. काचेवर टायरचा तेलकट गोल उमटेल, पण तो पुसला की गेला, काचेचं काही बिघडत नाही आणि टायर चिकटूनही बसत नाही. मला विचाराल तर शोकेस नवीन करणार असाल तर कप्पे काचेचेच करा, बाकी सगळी खटपट निम्मी होते.

कुठलं प्लास्टिक चालेल ते ओळखायला मागच्या त्रिकोणातला आकडा बघा. १ म्हणजे पेट, चालेल. २ आणि ५, म्हणजे एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन, हे टायरखाली चालतात, त्यांना खड्डे पडत नाहीत. ३ म्हणजे पीव्हीसी, अजिबात नको, मऊ पीव्हीसीखाली मऊ पीव्हीसी ठेवलं तर दोन्ही घाम सोडतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, आपला मूळ शत्रू. वह्या-पुस्तकांना घालतात ते जाड, मऊ, पारदर्शक कव्हर कापून टायरखाली घालायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण ते बऱ्याचदा पीव्हीसीच असतं. नवीन शॉवरच्या पडद्यासारखा वास आला तर समजून जा.

आणि बेसचे स्क्रू. कारखान्यातून गाडी येते तेव्हा ते प्रवासासाठी कचकचीत आवळलेले असतात, गाडी खाली ओढलेली, टायर दाबलेले. शोकेसमध्ये ठेवायच्या आधी दोन-तीन आटे सैल करा, किंवा काढून पाकिटात घालून बेसच्या खाली चिकटवून ठेवा म्हणजे हरवत नाहीत. मी आता घरात आलेल्या प्रत्येक मॉडेलला पहिल्याच दिवशी हे करतो, बाकी काही करायला वेळ मिळो न मिळो.

डब्यात ठेवलेल्या गाड्या

ज्यांच्याकडे जागा कमी आहे आणि अर्धा संग्रह डब्यात असतो, त्यांनी डबे उघडून बघा, तिथे नुकसान जास्त होतं कारण वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही. १:१८ च्या डब्यातला थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच, टायर त्याला टेकलेला असेल तर थर्माकोलला खड्डा आणि टायरवर पांढरे कण वितळून चिकटलेले मिळतात, ते काढणं महाकठीण. टायरभोवती पेटची फिल्म किंवा निदान बटर पेपर गुंडाळून मग बसवा. काही डब्यांत पिवळसर स्पंज असतो, तो जुना झाला की भुगा होतो आणि रंगाला चिकटतो, तो काढूनच टाका आणि त्या जागी आम्ल नसलेला टिश्यू पेपर चुरगळून घाला.

सुट्या गाड्या एका डब्यात एकावर एक ठेवणं तर थांबवाच. एका गाडीचा टायर दुसरीच्या टपाला महिनोन्‌महिने टेकला की रंग मऊ पडून तिथे चंद्रकोरीसारखा डाग राहतो, तो पॉलिश करूनही पूर्ण जात नाही. माझ्या लहानपणीच्या मॅचबॉक्सच्या दोन गाड्यांवर हा डाग आहे, तेव्हा वाटायचं ओरखडा आहे.

टायर आधीच कडक होऊन चिरले असतील तर ते परत मऊ होणार नाहीत. द्रव निघून गेला की पीव्हीसी आकसतं, रिमवर ताणलं जातं आणि एका जागी उकलतं. तेल लावून, उकळून, कशानेही तो द्रव परत आत जात नाही, प्रयत्न करून झालेत. त्याच मापाचे नवे टायर मिळाले तर बाहेरचा व्यास, रिमचा व्यास आणि रुंदी तिन्ही कॅलिपरने मोजून घ्या, नुसतं स्केल बघून घेतलेले बसत नाहीत, कारण १९६२ च्या फेरारी २५० जीटीओचा टायर आणि १९७० च्या ९१७ चा मागचा टायर एकाच स्केलमध्येसुद्धा कितीतरी वेगळे असतात. जुने टायर नाव लिहून ठेवा, मूळ भाग आहेत ते.

माझ्या ९१७ चं म्हणाल तर ती आता मधल्या कप्प्यात, काचेवर, चारही टायरखाली फिल्मचे चौकोन, उजेड बाहेरून. तिचा मूळ बेस खड्ड्यांसकट तसाच ठेवलाय, त्यावर कापलेली पातळ काच बसवली आणि नावाची पट्टी काचेखालून दिसते. दर दोन महिन्यांनी एक कोरा कागद मागच्या उजव्या टायरखाली ठेवतो. सगळ्यात जास्त घाम तोच सोडायचा. मागच्या पाच कागदांवर डाग फिकट होत गेलाय, शेवटच्या कागदावर उजेडासमोर धरूनही मला तो शोधावा लागला.